संभा, टर्बो बदलायच्या आधी

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय संभा,

तुझं पत्र पोचलं. वाघबीळ चढताना तिसऱ्या गिअरवर गाडी दम सोडते, मागं काळा धूर सुटतो, आणि मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच ‘टर्बो गेला’ म्हणून तीस हजार सांगितले. पैसे एवढ्यात देऊ नकोस. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जातो, नाही असं नाही. पण जाताना तो शिट्टी मारतो, नाहीतर निळा धूर काढतो, ऑइल पितो. तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. मला हे वारा गळण्याचं लक्षण वाटतंय.

तुझं इंजिन १२४८ सीसीचं, ७५ हॉर्सपॉवरचं. २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो तो टर्बोनं दाबून भरलेल्या हवेच्या जिवावर. ती हवा वाटेत गळाली की उरतं ते साधं छोटं डिझेल इंजिन, आणि ते चार माणसं घेऊन घाट चढत नाही. धुराचंही तसंच. हवा मोजणारा सेन्सर बसतो एअर फिल्टरजवळ, टर्बोच्या अलीकडं. गळती टर्बोच्या पलीकडं असली तर हवा मोजली जाते पण सिलिंडरपर्यंत पोचत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबानं डिझेल सोडतो. जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं आणि काळं होऊन बाहेर पडतं. काळा धूर आणि कमी जोर म्हणजे हवा कमी. धूर अजिबात नाही आणि जोरही नाही, तर डिझेल कमी, किंवा कॉम्प्युटरनंच हात आखडलाय. शोध कुठल्या बाजूनं सुरू करायचा हे एवढ्यावर ठरतं.

आधी फुकटातली कामं उरक. रेसच्या पॅडलखाली जाड मॅट सरकलीय का बघ. हसू नकोस, पॅडल पूर्ण दाबलंच जात नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न मारता, चालवून चारही चाकांजवळ हात ने. एखादी रिम बाकीच्यांपेक्षा फार तापली असेल तर ब्रेकचा कॅलिपर धरतोय. मग चौथ्या गिअरला ४०च्या वेगात फुल रेस दे. आरपीएम सरसर वर गेले आणि वेग तिथंच राहिला तर क्लच घसरतोय, इंजिनला दोष नको. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. ऊसतोडीच्या दिवसांत शेतरस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. डब्यात उंदराचं घरटं नाही ना, तेही बघ.

आता मुख्य काम. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी पाईप. चिरा बहुतेक खालच्या बाजूला, वळणाच्या पोटात किंवा क्लिपच्या कडेला पडतात. वरून बघून कळत नाही, आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली घालावा लागतो. आयडलवर चिरेचे ओठ मिटलेले असतात, दाब आल्यावरच उघडतात. म्हणून गाडी उभी असताना मिस्त्रीला काही सापडत नाही आणि घाटात मात्र दम जातो. खूण सांगतो. पाईपच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नकोस. बाहेर एका ठिकाणी ओलसर काळा डाग आणि त्यावर पंख्यासारखी पसरलेली धूळ चिकटलेली दिसली, तर गळती तिथंच. पाईप हातानं पिळून वाकवून बघ, चीर तोंड उघडते.

नजरेला सापडलं नाही तर दाब देऊन बघायचं. टर्बोच्या तोंडावरचा, एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढ. त्या तोंडाचं माप व्हर्नियरनं घे आणि उद्यमनगरात कुठल्याही लेथवर अॅल्युमिनिअमची टोपी वळवून घे. टोपीला काठ ठेवायला सांग, नाहीतर ती रबरातून सटकते. टोपीच्या मध्ये ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. एक आखूड रबरी तुकडा घालून दोन क्लिपांनी ती टर्बोच्या तोंडावर आवळ. इंजिन बंदच. रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरनं १० ते १२ पीएसआय दाब दे. १५च्या वर अजिबात नको, आणि टोपीच्या समोर उभा राहू नकोस. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर रेग्युलेटरशिवाय हा प्रयोग करायचा नाही, टोपी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

हा दाब टायरसारखा टिकून राहत नाही. इंजिनचा कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा असतो, थोडी हवा पिस्टन रिंगवरून ऑइलच्या झाकणाकडं किंवा सायलेन्सरकडं जाते. तो फुसकारा सोडून दे. सायलेन्सरमधून फारच येत असेल तर हवा बंद करून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाक आणि दीड-दोन फूट ढकल, व्हॉल्व्हची जागा बदलेल. मग हवा चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपड. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाक्या आणि अॅल्युमिनिअम जाळीचा जोड विसरू नकोस. रस्त्यावरचा खडा बसून तिथं बारीक भोक पडतं आणि पुढच्या बंपरमुळं ते दिसत नाही.

पाईप फाटला असेल तर नवाच घाल. एम-सील, टेप, सायकलच्या ट्यूबची पट्टी, यातलं काहीही तेलकट गरम रबरावर टिकत नाही. पाईप निसटत असेल तर आतली कड आणि धातूचं तोंड पेट्रोलनं पुसून कोरडं कर, मग नवी क्लिप लाव. तेलकट तोंडावर क्लिप कितीही आवळली तरी पाईप घसरतोच, आणि जास्त आवळली तर रबर कापते.

गळती नाहीच निघाली तर ईजीआर व्हॉल्व्ह काढ. जळका वायू परत इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला तर तीच लक्षणं येतात: काळा धूर, जोर कमी. कार्ब क्लीनर मारून लाकडी काडीनं खरवड, लोखंडी पट्टी घालू नकोस. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला दाब, मोजणाऱ्या सेन्सरचं टोकही काजळीनं बुजतं, तेही धू. काही मिस्त्री ईजीआरला पत्रा लावून कायमचा बंद करतात. परीक्षेपुरतं ठीक आहे, पण इलाज म्हणून मला ते पटत नाही. धुरात नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागून बसतो.

ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, कुणाकडून तरी मागून आण. फार जुन्या गाडीला तो जुळतोच असं नाही, पण लावून बघायला काय जातंय. इंजिन बंद, चावी चालू, आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, वाच. कोल्हापुरात ते ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं. १०१ हा समुद्रकाठचा आकडा. आपण साडेपाचशे मीटरवर आहोत. पन्हाळ्यावर उभा राहून बघितलंस तर ९० दिसेल. सेन्सर इथंच चुकत असेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. मग मोकळ्या रस्त्यावर पहाटे, शेजारी कुणाला तरी मोबाइल देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत फुल रेस. दाब दोनशेच्या आसपास चढला तर हवा ठीक. ११०-१२० वर अडकला तर गळती, किंवा वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा जास्तीचा जोर सोडून देणारी झडप, उघडं राहिलंय. कोड पी ०२९९ आला तर त्याचा अर्थ बूस्ट कमी, एवढाच. टर्बो खराब, असा नाही. त्या एका कोडवर किती चांगले टर्बो भंगारात गेले असतील.

जोर मध्येच जातो आणि चावी बंद-चालू केली की परत येतो, असं असेल तर कॉम्प्युटर स्वतःच इंजिनला वाचवतोय. तसं असेल तर मला कळव, तो शोध वेगळा.

डिझेलची बाजू थोडक्यात, कारण तुझ्याकडं धूर आहे. तरी फिल्टर बदलून किती किलोमीटर झाले ते बघ; २०-३० हजारांच्या वर गेला असेल तर बदलच. जुना कापून बघ. काळा गाळ चालतो, चकचकीत धातूचा चुरा दिसला तर हाय-प्रेशर पंप झिजतोय. रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, दाब आयडलला २५०-३०० बार असतो, फुल रेसला हजाराच्या बराच वर जातो. म्हणून एक गोष्ट डोक्यात ठेव: इंजिन चालू असताना रेलचा एकही पाईप ढिला करायचा नाही, गळती हातानं चाचपायची नाही. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि मग सरळ ऑपरेशन.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच टर्बोकडं ये. इंजिन थंड असताना पंख्याची दांडी बोटानं हलव. बाजूला किंचित हलली तर चालते, पुढं-मागं हलायला नको, आणि पाती कवचाला घासल्याची खूण नको. खरंच बदलायचा झाला तर ऑइल पुरवणारा पाईपही नवा घाल आणि ऑइल बदल. जुना पाईप कार्बननं बुजलेला राहिला तर नवा टर्बो कोरडा फिरतो आणि लवकरच मरतो.

टर्बोच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये कळव. टोपी मी इथं वळवून घेतो आणि मलकापूरच्या एसटीनं पाठवतो.

तुझा,
विन्या