पूजा पाटावरच्या नागाची, टोपलीतल्या नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपंचमीच्या बातमीसोबत टोपलीतला नाग आणि त्याच्यापुढे दुधाची वाटी, असे छायाचित्र अजूनही कुठे ना कुठे छापून येते. यंदा ते छापू नये, ही विनंती.

टोपलीतला नाग दूध पितो तो तहानेने. सणाआधी कित्येक दिवस त्याला पाणी दिलेले नसते, त्यामुळे समोर येईल ते ओले तो पितो. दूध पचवण्याची सोय सापाच्या पोटात नाही. शिवाय त्याच्या श्वासनळीचे तोंड जबड्यात अगदी पुढे असते. मान धरून तोंड वाटीत बुडवले की दूध सरळ फुप्फुसात उतरते. मग न्यूमोनिया. नाग मरतो तो पुढे काही दिवसांनी, तोवर पूजा करणारी माणसे घरी गेलेली असतात. विषदंत उपटले तरी पुन्हा उगवतात, म्हणून काही ठिकाणी जिभेपुरती फट ठेवून चक्क तोंड शिवतात. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे हळद-कुंकू डोळ्यांच्या कडेला बसते. जिभेने तो वास टिपतो, तिलाही ती पूड चिकटते. आणि तो डोलतो ते पुंगीच्या सुरावर नव्हे, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2022 च्या दुरुस्तीने नाग त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आला. त्याला पकडणे वा बाळगणे म्हणजे किमान तीन वर्षांची कैद.

जिवंत नाग पुजला नाही तर धर्म बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी नागपंचमीची कहाणी पुन्हा वाचावी. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्ले मरतात, ती सूड घेत शेतकऱ्याच्या लेकीपर्यंत पोचते. तिथे लेकीने पाटावर नाग काढून पुजलेले असतात. नागीण शांत होते ती त्या चित्रापुढे. जिवंत नाग धरून आणा, असे कहाणी कुठेच सांगत नाही.

पाटावर गंधाने नाग-नागीण आणि पिल्ले काढावीत, किंवा अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिय असे नऊ नाग. दूर्वा, आघाडा, लाह्या वाहाव्यात. शाडूचा नाग करायचा तर फणा मुळाशी जाड ठेवावा आणि सावलीत वाळवावा. उन्हात ठेवला तर मानेशीच तडकतो. वारूळ पुजायचे तर लाह्या-फुले कडेला ठेवावीत, दूध आत ओतू नये. वारूळ वाळवीचे, साप तिथला भाडेकरू. दुधाने फक्त मुंग्या जमतात.

या दिवशी नांगरायचे-खणायचे नाही, हा नियम मात्र फार शहाणपणाचा. नागाची अंडी फुटून पिल्ले बाहेर पडतात ती साधारण याच दिवसांत, आणि बिळात पाणी शिरल्याने मोठे सापही बांधावर येतात.

चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडे. पुरण घट्ट हवे, सैल राहिले की वाफेत घडी उकलते. पंधरा मिनिटे उकडून वर साजूक तूप. छायाचित्र हवेच असेल तर त्यांचे छापावे.

आपला,
एक सर्पमित्र, सातारा