टाकीवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. मी ती, बाबांसाठी जुनी चार फुटी फिश टँक टेम्पोत घालून तुमच्याकडे आले होते ती. दुकानात तुम्हाला थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अहो ताई, काम आहे ते" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना एंजल फिश पाळायचे होते, नवीन मोठी टाकी परवडत नव्हती आणि ऑनलाइन जाहिरातीत ही मिळाली. विकणारा म्हणाला कोपऱ्यातून जरा पाझरते, ट्यूब मारली की झालं. आणखी एकदोन ठिकाणी विचारलं तर तेच उत्तर, वरून सिलिकॉन मारून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा. तुम्ही मात्र ट्यूबला हातच लावला नाहीत, टॉर्च काढलात आणि आम्हाला म्हणालात बसा, आधी बघू दे हिला काय झालंय.

ते जे तुम्ही बघितलंत ना काका, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. सगळ्यात आधी तळाची काच, तिच्यावर नख फिरवत गेलात आणि आडवा टॉर्च धरलात, ओरखडा वरवरचा असतो पण तडा असला तर काचेच्या जाडीत चकाकणारी रेघ दिसते हे मला दाखवलंत. तळाला तडा असता तर मी हात लावला नसता, काच बदला नाहीतर टाकी सोडा असं सांगितलं असतं, हे तुम्ही सरळ बोललात. गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरला नाहीत. वरच्या कडेला एक टवका उडालेला होता त्याची मला जाम भीती वाटत होती, पण तो जोडापासून लांब आहे, कड पॉलिश पेपरने घासून घेतो म्हणजे हात कापणार नाही, बाकी चिंता नको म्हणालात. पांढरे डाग क्षाराचे, व्हिनेगर लावून ठेवलं की निघतील. समोरच्या काचेवरचे ओरखडे तसेच राहतील, ते घालवायला खर्च करू नका, पाणी भरल्यावर बरेचसे लक्षातही येत नाहीत. म्हणजे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे आधी वेगळं करून दिलंत, तिथेच माझा अर्धा ताण गेला.

मग जोड. बाहेरून टॉर्च मारून दोन काचांच्या मधली सिलिकॉनची पट्टी बघायला सांगितलीत, ती सलग एकसारखी दिसली की चांगली, चंदेरी चकचकीत ठिपके किंवा पट्टे दिसले की तिथे काच सुटलीय आणि हवा शिरलीय. डाव्या बाजूच्या उभ्या जोडात बोटभर असा पट्टा होता, आणि गंमत म्हणजे पाणी गळत होतं ते तिथून नाही, खालच्या कोपऱ्यातून! पाणी जोडाच्या आतून वाट काढत खाली येतं त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथेच भोक असतं असं नाही, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्या कोपऱ्यावर आधीच्या मालकाने बाथरूमचं पांढरं सिलिकॉन थापलेलं, ते तुम्ही नखाने उचललंत आणि अख्खी पट्टी सोलून निघाली. सुकलेल्या जुन्या सिलिकॉनवर नवीन नीट चिकटत नाही, म्हणून वरून ट्यूब मारणारे सगळे फसतात, आणि बाथरूमवाल्यात बुरशी मारायचं औषध असतं ते माशांना चालत नाही, हे दोन्ही तुम्ही एका दमात सांगितलंत.

सुटलेल्या जोडाचं ऐकून माझं तोंड पडलं होतं, कारण मला वाटलं आता टाकी भंगारात. तुम्ही म्हणालात ती काच काढू आणि परत बसवू. बारीक पोलादी तार जोडात घालून, दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी लावून, करवतीसारखी पुढेमागे ओढत तुम्ही ते सिलिकॉन कापलंत, तुमचा मुलगा काच धरून आणि तुम्ही एक शब्द न बोलता. मला बघवत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. काच अख्खी सुटून हातात आली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं, पण मी टाळी वाजवायचीच बाकी होते. मग ब्लेडने सगळ्या कडा खरवडणं, नुसत्या त्या काचेच्या नाही, टाकीच्या आतलं झाडून सगळं जुनं सील काढलंत कारण नवं आणि जुनं जिथे भेटतं तिथेच पुढचं लीक होतं. मग ॲसिटोनने पुसणं, आणि पुसल्यावर काचेला बोट लावलं म्हणून मला चक्क ओरडलात, बोटाचं तेल लागलं तरी पकड जाते. ते ओरडणंही आवडलं हो मला!

मास्किंग टेप दोन्ही बाजूंनी, गनमधून एकाच ओढीत अख्खी पट्टी, मध्ये थांबायचं नाही, बोटाने दाबून गुळगुळीत, आणि साय धरायच्या आत टेप काढायची. दुकानभर व्हिनेगरचा वास सुटला तेव्हा तुम्ही सांगितलंत की हा वास येणारं साधं क्लिअर सिलिकॉनच आपल्याला हवं, फक्त ट्यूबवर बुरशीरोधक लिहिलेलं नको, आणि वास पूर्ण जाईपर्यंत टाकीत मासा सोडायचा नाही. हवेतल्या ओलाव्याने ते बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन एमएम, म्हणून वरून सुकलेलं दिसलं तरी आठवडाभर हात लावायचा नाही. बाबा रोज विचारायचे झालं का, मी रोज तुमचं नाव सांगून त्यांना थांबवत होते.

समोरची आणि मागची काच एकमेकींना धरून ठेवणारी वरची मधली आडवी काचेची पट्टी गायब आहे हे तर आमच्या कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. तुम्ही हिशेब मांडलात, चार बाय दीड बाय दीड म्हणजे 9 घनफूट, एका घनफुटात 28 लिटर, म्हणजे अडीचशे लिटर पाणी, अडीचशे किलो, आणि समोरच्या काचेवर बाहेरच्या दिशेने शंभर-सव्वाशे किलोचा रेटा. टाकी लांब आहे की आखूड याने तळाजवळचा दाब बदलत नाही, पाणी किती उंच उभंय त्याने बदलतो. पट्टी नसली की लांब काच मध्यावर फुगते आणि रोज थोडा थोडा ताण जोडावर येतो, तुमच्या मते तो जोड सुटण्याची सुरुवात तिथूनच झाली असणार. तुकड्यातल्या काचेतून नवीन पट्टी कापून बसवलीत आणि तिचे पैसे घेतले नाहीत. मी नंतर दिले तर परत पाठवलेत. काका, हे बरोबर नाही, पण तुमच्याशी वाद कोण घालणार.

घरी भरताना तुम्ही सांगितलं तसंच केलं. स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, स्पिरिट लेव्हल, एक पाय खाली होता तर पॅकिंग स्टँडच्या पायाखाली दिलं, काचेखाली नाही. खाली जोडांलगत वर्तमानपत्र पसरून आधी पाव टाकी, मग अर्धी, मग पूर्ण, प्रत्येक वेळी मध्ये थांबून. पेपर कोरडाच राहिला. दोन दिवस भरलेली ठेवून मग ते पाणी काढून टाकलं. आता फिल्टर चालू आहे, मासे अजून नाहीत, माशांची घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो म्हणून बाबा नुसत्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि खूश आहेत.

जे कोणी जुनी टाकी घ्यायच्या विचारात आहेत त्यांना माझं एकच सांगणं, विकणाऱ्याला पाणी भरून दाखव म्हणा, तो नको म्हणाला तर किंमत तशी लावा, आणि दुरुस्तीला अशा माणसाकडे जा जो आधी बघतो. लोक काचवाल्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात आणि चाळीस वर्षांची नजर फुकटात घेऊन जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काका तरुण असताना लोखंडी अँगलच्या फ्रेममध्ये पुट्टीने काचा बसवून टाक्या बनवायचे, नंतर सिलिकॉन आलं तेही स्वतः शिकले. शहरात अशी किती माणसं उरली असतील!

काका, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन फुटी टाकी पडून आहे, तळाला तडा आहे असं त्या म्हणतात पण मी टॉर्च मारून बघितलं तर मला ओरखडा वाटतोय. रविवारी सकाळी घेऊन येऊ का? दुकान उघडं असेल तर मुलाला तेवढा फोन करायला सांगा.

तुमची,
चार फुटी टाकीवाली ताई