घर कोणाच्या नावावर?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "घर नक्की कोणाच्या नावावर होणार?" आणि मी चाचपडले. उत्तर सरळ आहे: संस्थेच्या, म्हणजे आम्ही सभासद मिळून घरं बांधतोय त्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या. जमीन संस्थेची, इमारत संस्थेची. माझ्या नावावर संस्थेचे भाग (शेअर) आणि त्या घरात राहण्याचा हक्क. सोडून गेले तर भरलेले पैसे ठरलेल्या हिशेबाने परत मिळतील, बाजारभावाने विकता येणार नाही. "मग त्यात तुझा फायदा काय?" असं तुम्ही विचारालच. अहो, विकून कमवायची सोय नाही म्हणूनच तर ते मला परवडतंय! माझ्यानंतर येईल त्यालाही परवडेल.

मधे बिल्डरचा नफा नाही. दरमहा भरायचं ते कर्जाचा हप्ता, देखभाल आणि दुरुस्ती निधी. स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये अशा संस्था शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. २०११ साली तिथल्या मतदारांनी कौल दिला, की २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरं ना-नफा तत्त्वावरची असावीत.

मला मात्र खरी भुरळ घातली ती दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेने. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने तिथे सहकारी संस्थांना सरकारी कर्जाची वाट मोकळी झाली. गाठीला पैसा नाही ती कुटुंबं श्रम घालतात, आठवड्याला साधारण २१ तास. आणि कुठलं घर कोणाचं, हे बऱ्याच ठिकाणी बांधकाम संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरतं. म्हणजे आई, भिंतीला गिलावा करताना ती आपली की शेजारच्याची हे ठाऊकच नाही. मग हात आखडून काम कुणाच्या घरी करणार?

आमच्यात एवढं धाडस नाही, आम्ही कंत्राटदारच नेमणार. सगळं गोड चाललंय असंही नाही. मागची सभा तीन तास लिफ्टवर अडली. तळमजल्यावाले म्हणाले, आम्ही का भरायचं? शेवटी एक आजी उठल्या नि म्हणाल्या, "गच्चीवर कपडे वाळत घालायला मीही येणार आहे." तेव्हा कुठे ठराव झाला, तोही दोघांचा विरोध असताना.

बाबा, सोबत उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या नियमांचा, मसुदा आहे. कलम सात नीट वाचा. सभासद संस्था सोडून गेला तर पैसे किती दिवसांत परत करायचे, ती जागा अजून कोरी आहे. रविवारच्या सभेआधी कळवा. आणि पेन्सिलीने लिहा हं, तुमची लाल शाई बघून आमचे खजिनदार राजीनामा देतील.

तुमची,
ताई