प्रेमकथेने इतिहासाचे नुकसान होत नाही

ऐतिहासिक प्रेमकथांमुळे वाचक खऱ्या इतिहासाला मुकतात, हे रविवार पुरवणीतील लेखात मांडलेले मत पटले नाही. थोरले बाजीराव पेशवे (राऊ) आणि मस्तानी यांच्या प्रेमावरची ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. सामान्य मराठी वाचकाला मस्तानीविषयी आस्था वाटू लागली, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशवेकालीन कागदपत्रांचे, ४५ खंड आहेत. त्यांत मस्तानीविषयी सापडते ते मोजकेच, आणि तेही बहुधा तिला विरोध करणाऱ्या पेशव्यांच्या घरच्याच माणसांच्या पत्रांतून. तिचे स्वतःचे म्हणणे कुणी जपून ठेवले नाही. ती जागा इतिहासकाराला मोकळीच सोडावी लागते. कादंबरीकार ती कल्पनेने भरतो आणि वाचकही ते जाणूनच वाचतो. मस्तानी पुण्यात कैदेत आणि राऊ मोहिमेवर, ही प्रकरणे हाती असताना पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही. या निखळ आनंदाबद्दल वाचकाने खजील का व्हावे? उलट, कादंबरी संपल्यावर रावेरखेडीची बाजीरावांची नर्मदाकाठची समाधी आणि पाबळची मस्तानीची कबर आवर्जून पाहून आलेले, मग सरदेसाईंच्या ‘मराठी रियासत’ या इतिहासग्रंथाचे खंड ग्रंथालयातून आणणारे वाचक माझ्या परिचयाचे आहेत. दोघांचाही मृत्यू १७४० मधला, हे त्यांना कुणी पाठ करायला लावले नव्हते. आधार कुठला आणि कल्पना कुठली, हे सांगणारी दोन पाने अशा कादंबऱ्यांच्या शेवटी असावीत, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. प्रकाशकांनी नव्या आवृत्त्यांत ती जरूर जोडावीत.

– एक वाचक, सातारा