किती खायचं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन कमी करणाऱ्यांनी मधल्या वेळेला काय खावं, याच्या याद्या आपल्या आरोग्य पुरवणीत नेहमी येतात. सुकामेवा, बिया, खजूर, मध घातलेले ओट्स, ताज्या फळांचा रस. यातलं काहीच वाईट नाही. पण किती खायचं, हे एकाही पदार्थापुढे लिहिलेलं नसतं आणि वजन उतरवायचं असेल तर सगळं अडतं ते तिथेच.

माझी धाकटी बहीण या याद्या मनापासून पाळते. काम करताना तिच्या टेबलावर बदामाचा डबा उघडाच असतो. नजर स्क्रीनवर, हात डब्यात. मीटिंग लांबली की डब्याचा तळ दिसायला लागतो आणि तरीही तासाभरात तिला जेवायला बसायचंच असतं. साधारण २३ बदाम म्हणजे २८ ग्रॅम, त्यात १६० ते १६५ कॅलरी. १०० ग्रॅम पोटात गेले तर हाच आकडा ५८०च्या घरात जातो, म्हणजे एक अख्खं जेवण झालं. बदामात जवळपास निम्मं वजन स्निग्धांशाचं असतं. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला ४. ही साधी गोष्ट यादीसोबत एका ओळीत सांगता येते. तिला ती कुणी सांगितलीच नव्हती. तीन महिने नेटाने पथ्य पाळूनही काटा हलेना, तेव्हा तिने दोष दिला तो स्वतःच्या मनोनिग्रहाला. याचं मला फार वाईट वाटतं.

फळांचंही तसंच. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे ७० कॅलरी, तेवढ्याच मनुकांत ३००च्या आसपास. पाणी उडालं, साखर राहिली. रसाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे. फळांच्या रसातली आणि मधातली साखर ती वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. ही सगळी साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, असं ती सांगते. २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एक ग्लास रसातच २० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. अख्खं फळ मात्र या हिशेबात धरलेलं नाही. सालासकट एक मध्यम सफरचंद सुमारे ९५ कॅलरीचं, त्यात ४ ग्रॅम तंतू, शिवाय ते चावायला वेळ लागतो. चावण्याचा हा वेळ मला फार महत्त्वाचा वाटतो.

तसं वाटायला आधारही आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बरेच घटक मिसळून तयार झालेलं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू दोन्हींत सारखे आणि हवं तितकं खायची मुभा. २०१९ साली निष्कर्ष आले. अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि भरभर खाल्ल्या. ‘हेल्दी’ लिहिलेले कितीतरी बार आणि बिस्किटं याच जातीची असतात. पाकीट उलटून पाहावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, सिरप किंवा खजुराचा लगदा असेल, तर पुढच्या बाजूला काय लिहिलंय याला अर्थ नाही.

मधल्या वेळेला खाऊच नये, असं मी म्हणत नाही. दोन जेवणांत सहा-सात तासांचं अंतर असेल तर भूक लागणारच, आणि ती मारून ठेवली की रात्री दुप्पट जेवण जातं. एक उकडलेलं अंडं, वाटीभर बिनसाखरेचं दही, एखादं फळ आणि मोजून घेतलेले दाणे यांवर माणूस जेवणापर्यंत निवांत राहतो. ज्याला भूकच लागत नाही, त्याने केवळ यादीत आहे म्हणून खायची गरज नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. हेही आपल्या यादीत कधी नसतं.

पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे ग्रॅम आणि कॅलरी द्या. तेवढा पदार्थ वाटीत किंवा तळहातावर किती दिसतो, याचा एक फोटोही द्या. आणि बदामापुढे ‘मनसोक्त खा’ असं कृपा करून लिहू नका.

आपली,
एक वाचक