विज्या, सईशी तूच बोल

प्रिय विज्या,

दिवाळीला तू एवढा मोठा मेसेज पाठवलास आणि मी नुसता अंगठा दाखवला. शिव्या घातल्याच असशील. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. माझी शुगर आहे तिथंच आहे, सुनीताचा खांदा बरा आहे. संपलं आरोग्य.

सईला नोकरी लागतेय. बातमीदाराची! पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरी गावच्या टीव्ही स्टेशनवर. कॅमेरा स्वतःच लावायचा, स्वतःच त्याच्यापुढं उभं राहायचं आणि मग गाडीत बसून स्वतःच एडिट करायचं. पगार सांगत नाही, तुला हसू आवरणार नाही. आपले तालुक्याचे वार्ताहर आठवले मला. भोसलेकाका असते तर म्हणाले असते, ‘बापानं पेन टाकलं, पोरीनं उचललं.’ मीही पेढे वाटले असते, पण स्टेशनची मालक कंपनी निघाली सिंक्लेअर.

तुला हे नाव माहीत असायचं कारण नाही. इथल्याही बहुतेकांना नसतं, आणि कंपनीची खरी कमाई तीच. फॉक्स न्यूज हे उघड उजवं चॅनेल लावणाऱ्याला आपण काय लावलंय ते पक्कं ठाऊक असतं. सिंक्लेअरचं स्टेशन बघणाऱ्याला वाटतं, आपण गावची बातमी बघतोय. कोपऱ्यात एबीसी नाहीतर सीबीएस या देशव्यापी नेटवर्कचं चिन्ह, समोर वर्षानुवर्षं पाऊसपाणी सांगणारा ओळखीचा चेहरा. मालक कुठं दिसतच नाही. अशी पावणेदोनशेच्या आसपास स्टेशनं देशभर आहेत, आणि मुख्यालय आमच्या इथं, बाल्टिमोरच्या उत्तरेला हंट व्हॅलीत. सुनीताच्या योगाच्या क्लासला जाताना त्याच बाजूनं जातो आम्ही.

सुरुवात साधीच. ज्युलियन सिंक्लेअर स्मिथ नावाच्या इंजिनिअरनं १९७१ मध्ये बाल्टिमोरला ४५ नंबरचं चॅनेल काढलं. जुन्या मालिका, सिनेमे, पोरांची कार्टून. राजकारणाचा मागमूस नाही. मग चार मुलं धंद्यात आली, १९८६ मध्ये सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुप झाला आणि डेव्हिड या मुलानं सूत्रं हातात घेतली. त्या काळी नियम होता, एका शहरात एका मालकाचं एकच स्टेशन. १९९१ मध्ये यांनी पिट्सबर्गमध्ये दुसरं घेतलं आणि पहिलं आपल्याच मॅनेजरला, एडी एडवर्ड्सला विकलं. चालवायचं मात्र करारानं आपणच! पुढं त्या एडवर्ड्सच्या कंपनीचे बहुतेक शेअर्स कुणाच्या नावावर निघाले? स्मिथ बंधूंच्या मातोश्रींच्या. कमाल जमीनधारणेच्या वेळी आपल्याकडं बैलांच्या नावावर सातबारा निघाले म्हणतात, त्यातलाच प्रकार. २००१ मध्ये सरकारच्या एफसीसीनं, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यानं, ४०,००० डॉलर दंड केला. एवढ्यात तर आपल्या पेपरच्या मालकाची, शेठची, एक पुरवणी निघाली असती.

राजकारण नंतर आलं, की आधीपासून पोटात होतं, ते त्यांनाच ठाऊक. दिसायला लागलं ते अकरा सप्टेंबरनंतर. २००४ च्या एप्रिलमध्ये एबीसीच्या ‘नाइटलाइन’मध्ये टेड कॉपेल इराकमध्ये मेलेल्या सैनिकांची नावं वाचणार होता. सातशेच्या वर नावं, बाकी काही नाही. सिंक्लेअरनं आपल्या एबीसी स्टेशनांवर तो कार्यक्रम लावूच दिला नाही. युद्धकैदी राहिलेला सिनेटर जॉन मॅक्केन, तोही उजव्या रिपब्लिकन पक्षाचा, त्यानं याला देशप्रेमाशी विसंगत म्हटलं. त्याच वर्षी, निवडणूक तोंडावर असताना, डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरीच्या विरोधातला एक माहितीपट सगळ्या स्टेशनांवर दाखवायचं ठरलं. कंपनीच्या वॉशिंग्टन कचेरीचा प्रमुख जॉन लीबरमन ‘बाल्टिमोर सन’ या पेपरला उघड म्हणाला, हा पक्षपाती प्रचार आहे. त्याला काढलं. मग जाहिरातदार बिथरले, शेअर आपटला आणि माहितीपट तसाच्या तसा काही दाखवता आला नाही.

तो लीबरमन गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. कारण उघड आहे.

पुढं तर ‘मस्ट’, म्हणजे लावायचेच मजकूर, आले. हो, आपल्यासारखेच! आपल्याकडं शेठच्या साखर कारखान्याची बातमी कोपऱ्यात ‘मस्ट’ लिहून यायची आणि पाटणकर ती पान तीनवर तळाला लपवायचा. इथं लपवायची सोय नव्हती. हंट व्हॅलीतून तयार भाष्य यायचं, प्रत्येक स्टेशननं ते बातम्यांत लावायचंच. २०१७ मध्ये ट्रम्पच्या कचेरीतून बाहेर पडलेला बोरिस एप्श्टाइन कंपनीचा मुख्य राजकीय विश्लेषक झाला, आणि त्याची भाष्यं आठवड्यातून कितीदा लावायची तेही वरून ठरायला लागलं. २०१८ च्या मार्चमध्ये सगळीकडच्या निवेदकांना एकच मजकूर वाचायला दिला: काही माध्यमं खोट्या बातम्या पसरवतात, हे आपल्या लोकशाहीला अत्यंत धोकादायक आहे. कुणीतरी ते सगळे व्हिडिओ एका पडद्यावर जोडले. मर्दा, तू बघच ते. डझनावारी गावं, डझनावारी ओळखीचे चेहरे, आणि एका सुरात एकच वाक्य, अगदी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. सईनं ते कॉलेजात असताना बघितलंय, वर्गात त्यावर निबंधही लिहिलाय. ‘ए’ मिळाला होता.

त्याच सुमाराला ट्रिब्यून या दुसऱ्या कंपनीची स्टेशनं ३.९ अब्ज डॉलरना घ्यायचा घाट घातला होता. झालं असतं तर देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त घरं यांच्या टप्प्यात आली असती. एफसीसीचा अध्यक्ष होता अजित पै, कोकणी आईबापांचा मुलगा. आमच्या गणपतीत लोक ‘आपला पै’ म्हणून छाती फुगवत होते. सगळ्यांना वाटलं हा डोळे झाकून सही करणार, कारण तोवरचे त्याचे बरेच निर्णय कंपनीच्या पथ्यावर पडले होते. आणि त्यानंच खोडा घातला! का, तर नियमापायी विकायची काही स्टेशनं यांच्याच जवळच्यांना जाणार होती. शिकागोचं नावाजलेलं डब्ल्यूजीएन स्टेशन डेव्हिड स्मिथच्या ओळखीच्या मोटारी विकणाऱ्याला. आधी मातोश्री, आता मोटारवाला. ऑगस्टमध्ये सौदा मोडला आणि २०२० मध्ये ४.८ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. मग खेळाच्या चॅनेलांत अब्जावधी घातले, ती उपकंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे हे फार हुशार आहेत असंही नाही.

आणि २०२४ च्या जानेवारीत डेव्हिड स्मिथनं स्वतःच्या पैशानं काय घेतलं सांग? ‘बाल्टिमोर सन’! १८३७ चा पेपर, महापौरबाईंचा घोटाळा बाहेर काढून २०२० मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळवलेला. लीबरमन ज्याच्याकडं बोलला तोच पेपर. कर्मचाऱ्यांच्या पहिल्याच बैठकीत मालक म्हणाले, गेल्या काही महिन्यांत मी हा पेपर चारेकदाच वाचलाय. आपले शेठ निदान स्वतःचा फोटो बघायला तरी रोज उघडायचे.

तुला वाटेल, नंद्या अमेरिकेच्या राजकारणात वाहवला. तसं नाही रे. कोणी उजवा आहे म्हणून मला झोप उडत नाही. माझे निम्मे शेजारी तसेच आहेत आणि बर्फ पडला की माझ्या दारातला तेच काढतात. फॉक्स आपल्या नावानं बोलतं, त्याच्याशी भांडता येतं. इथं मत मालकाचं आणि तोंड गावच्या पोरीचं. मतदार ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतो तो चेहरा त्या पोरीनं शाळांच्या, पुराच्या, जळालेल्या घरांच्या बातम्या करून कमावलेला असतो. तो चेहरा आता सईचा असणार.

आणि करार! २०१८ मध्ये बातमी आली होती, इथल्या काही करारांत मुदतीआधी सोडलं तर कंपनीला पैसे भरायचं कलम आहे, वर्षाच्या पगाराच्या चाळीस टक्क्यांपर्यंत. सईचा करार मी अजून पाहिला नाही. ती दाखवत नाही. म्हणते, ‘बाबा, तुम्ही वकील नाही आणि आता पत्रकारही नाही.’

तिचंही खोटं नाही. छोट्या गावांतले पेपर बंद पडतायत, शिकायचं कुठं? याच कंपनीचं बाल्टिमोरचं स्टेशन इथल्या शाळांच्या कारभाराच्या मागं जेवढं लागतं तेवढं दुसरं कुणी लागत नाही, हे मीही मान्य करतो. पण २०२३ मध्ये टोलेडोसारख्या शहरांतल्या स्थानिक बातम्याच बंद करून वरून एकच राष्ट्रीय बुलेटिन सोडलं, तेही याच कंपनीनं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात जिमी किमेलचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम एबीसीनं पुन्हा सुरू केल्यावरही यांनी काही दिवस आपल्या स्टेशनांवर येऊ दिला नाही. सई म्हणते, तो निर्णय काय बातमीदारांनी घेतला?

इथं तू लागतोस. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर आपलं जे भांडण झालं त्यात तू नेमकं हेच म्हणाला होतास. मी म्हणालो, शेठच्या पैशावर जगायचं तर शेठचंच लिहायचं. तू म्हणालास, तू गेल्यावर तुझ्या खुर्चीत कोण बसतं ते एकदा येऊन बघ. माझं मत अजून तेच आहे, लगेच हुरळू नकोस. पण तू तिथंच राहून शेठच्या मेहुण्याच्या पाणीपुरवठ्याच्या ठेक्याची बातमी पान एकवर लावलीस, शेठ परगावी गेलेला बघून. ते कसं जमतं, कुठवर वाकायचं, कुठं ताठ व्हायचं, हे मला शिकवता येणार नाही. मी तर कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो.

तिला शुक्रवारी सही करून पाठवायचीय. त्याआधी फोन कर. जाऊ नको म्हणून सांग असं मी म्हणत नाही, जा म्हणूनही नाही. लीबरमनबद्दल विचार, आणि पाटणकरचं पान तीन सांग.

तुझ्याकडं काय? नातवाचे फोटो पाहिले, नाक वहिनींचं आहे, सुटला बिचारा. वहिनींच्या मोतीबिंदूची तारीख ठरली का? गच्चीवर पत्रा टाकलास की अजून कंत्राटदाराशी भांडतोयस? पाटणकरच्या मुलाला सांग, ॲडमिशनचे पैसे पाठवलेत, सोमवारपर्यंत जमा होतील.

तुझा,
नंदू

ता. क. तिच्याशी बोलताना एस.टी. स्टँडवर मी तुझी सायकल लाथाडली ते सांगू नकोस. बाप शांत स्वभावाचा आहे असा तिचा समज आहे.