शीर्षकगीतातल्या व्हायोलिनवाल्याचं नाव कुठंय?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

काल तुमच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडच्या 'विश यू वेअर हिअर' अल्बमचं शीर्षकगीत कसं बनलं त्यावरचा लेख वाचला. कालच लिहायला बसलो होतो पण डोकं तापलेलं होतं म्हणून कागद बाजूला ठेवला, सकाळी उठून परत वाचला तरी राग तेवढाच आहे.

लेखकाने गाणं जीव लावून ऐकलंय हे आधी मान्य करतो. सुरुवातीबद्दल त्यांनी छान लिहिलंय, आधीचं गाणं संपता संपता आवाज एकदम बारीक होऊन रेडिओत शिरतो, बँडचा गिटारवादक गिलमोर, त्याच्या गाडीतल्या रेडिओवरची स्टेशनं बदलतात, मध्येच चायकोव्स्कीची चौथी सिंफनी दोन क्षण ऐकू येऊन जाते, मग ती बारा तारांची गिटार वाजते, तीसुद्धा रेडिओवर लागल्यासारखी पातळ केलेली. आणि मग घरात बसून कुणीतरी त्या रेडिओबरोबर वाजवायला लागतो, ती दुसरी गिटार अगदी कानाजवळ. मध्ये खोकलाही येतो. हे सगळं लेखात आहे, वाचताना बरं वाटलं.

पण शेवटाचं काय? लेखात शेवटी नुसता 'वाऱ्याचा आवाज' आहे. अहो, त्या वाऱ्यात एक व्हायोलिन आहे! हेडफोन लावून अगदी शेवटचे काही सेकंद ऐका, गाणं विरत जातं आणि मागे कुठेतरी लांबवर एक सूर येऊन जातो. तो स्टेफान ग्रापेली. ३०च्या दशकात पॅरिसमध्ये गिटारवादक जँगो राईनहार्टबरोबर वाजवणारा, जॅझमध्ये व्हायोलिन कसं वाजवावं ते जगाला दाखवणारा माणूस. १९७५ साली तो अ‍ॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओतच, जिथे हे गाणं बनत होतं, येहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकाबरोबर रेकॉर्डिंग करत होता, या बँडवाल्यांनी ग्रापेलीला बोलावलं आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तो येऊन या पोरांच्या गाण्यावर वाजवून गेला. मिक्समध्ये ते वाजवणं इतकं खाली गेलं की कव्हरवर नावसुद्धा घातलं नाही. तो टेक नाहीसाच झाला असं धरून चालले होते, तो टेपांमध्ये सापडला आणि २०११ साली बाहेर आला. त्यात व्हायोलिन पूर्ण ऐकू येतं, म्हणजे आता सबबच उरली नाही. आणि तुम्ही त्याच गाण्याच्या जन्मकथेवर अर्धं पान खर्च करता आणि नाव पुन्हा गाळता.

पुण्याच्या पेपरने तर हे करायलाच नको होतं. मेन्युहिन म्हणजे तेच, ज्यांनी आपल्या बी. के. एस. अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं आणि त्यावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला' असं कोरून घेतलं. योग शिकवणाऱ्यालाही व्हायोलिनचं श्रेय देणारा माणूस!

मला हे एवढं का लागलं ते सांगतो. मी व्हायोलिन वाजवतो, आता शिकवतो. १९८७ साली भक्तिगीतांच्या एका कॅसेटसाठी मला बोलावलं होतं, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचा म्युझिक पीस एकट्या व्हायोलिनचा होता. नोटेशन हातात आलं ते रेकॉर्डिंगच्या आधी दहा मिनिटं, पंखा बंद कारण त्याचा आवाज माइकमध्ये जायचा, हनुवटीखाली ठेवलेला रुमाल घामाने पिळून निघालेला, चार टेक झाले आणि पाचव्याला अरेंजरने काचेपलीकडून अंगठा दाखवला. कॅसेट बाजारात आली तेव्हा आईने दुकानातून तीन विकत आणल्या, एक घरी, एक मामाकडे, एक मावशीकडे. डब्बीतला कागद बाहेर काढला, घडी उलगडली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला, मग मागून पाहिला, आणि म्हणाली, "तुझं कुठंय रे यात?" मी कंपनीत फोन केला तर म्हणाले जागा नव्हती. त्याच कागदाच्या मागे त्यांच्या इतर कॅसेटची यादी छापलेली होती, अख्ख्या पानभर. आईने मग पेनाने शेवटच्या ओळीखाली माझं नाव लिहिलं, तिन्ही कॅसेटवर. घरची कॅसेट अजून आहे, टेप चिकटलीय, वाजत नाही, पण शाई दिसते.

म्हणून म्हणतो, हा प्रश्न एका इंग्लिश बँडचा नाही. तुमच्याच पेपरात गाण्याच्या कार्यक्रमाची बातमी येते तेव्हा गायकाचं नाव, अध्यक्षांचं नाव, पुष्पगुच्छ कुणी दिला त्याचं नाव, सूत्रसंचालकाचं नाव, आणि शेवटी काय, तर 'त्यांना तबला व संवादिनीची समर्पक साथ लाभली'. तबला आपोआप वाजतो का हो? तीन तास मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन शब्दांची जागा मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची साथ गेल्याच महिन्यात अशीच 'लाभली'. त्याच्या घरचे सकाळी पेपर घेऊन बसले होते.

दोन चुकाही सांगून ठेवतो. लेखासोबत त्रिकोणी प्रिझमचं चित्र छापलंय, ते याच बँडच्या १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बमचं. या अल्बमवर हस्तांदोलन करणारे दोन माणसं आहेत, त्यातला एक जळतोय. आणि ५ जून १९७५ ला बँडचा जुना गायक-गिटारवादक सिड बॅरेट डोकं-भुवया भादरून स्टुडिओत आला तेव्हा 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या अल्बममधल्या दुसऱ्याच गाण्यावर काम चालू होतं, हे शीर्षकगीत त्या भेटीवरून त्याच संध्याकाळी लिहिलं असं लेखात आहे ते काढून टाका.

येत्या पुरवणीत दुरुस्ती छापा, चार ओळी पुरतील. स्टेफान ग्रापेली, व्हायोलिन, असं स्पष्ट लिहा. आणि गेल्या महिन्याच्या त्या कार्यक्रमाच्या तबलजीचं नाव हवं असेल तर विचारा, मी कळवतो.

आपला,
एक व्हायोलिनवादक वाचक, पुणे